रिमोटचे विमान : कोणते सामान आधी घ्यावे?



रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका ताईंनी आम्हाला विचारले, "भाऊ, पोरगं अकरावी सायन्सला आहे. रिमोटचं विमान स्वतः बनवायचं म्हणतंय. हा श्रीमंतांचा नाद आपल्याला परवडंल का?" हा प्रश्न एका घरचा नाही. कॉलेजात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये, इंजिनिअरिंगच्या स्पर्धांत आपली मुले अशी विमाने पाहतात आणि घरी येऊन मागतात. मग आईबाप एक तर "नसते धंदे नकोत" म्हणून मुलाला गप्प बसवतात, नाहीतर दुकानदार देईल ते सामान उचलून आणतात. ते सामान एकमेकांशी जुळत नाही, विमान उडत नाही, आणि मुलाला वाटते की आपल्यालाच डोके नाही. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात, पण मुलाचा असा समज होणे फार वाईट. म्हणून आज या सदरात आम्ही याच विषयाचा हिशेब मांडत आहोत.

पहिली गोष्ट, हा नाद श्रीमंतांचाच हे खरे नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत ज्या राइट बंधूंनी इंजिनाचे विमान उडवले, ते सायकली बनवणारे व दुरुस्त करणारे दुकानदार होते. त्यांचे पहिले उड्डाण फक्त १२ सेकंदांचे होते. दुसरी गोष्ट, आपल्याकडे विमानविद्या हजारो वर्षांपूर्वीच होती असे सांगणारे पुष्कळ भेटतात. 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकातली विमाने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या तज्ज्ञांनी १९७४ साली तपासली आणि ती उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. तथागतांनी कालामांना जे शिकवले ते इथे लागू पडते. कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. मुलाने थर्मोकोलचा पंख कापून, वजन करून, उडवून पाहणे म्हणजे हीच पारख होय.

आता सामानाकडे वळू. आम्ही कॉमर्सचे माणूस, त्यामुळे खर्चाचे दोन भाग करतो. एक भांडवली खर्च, म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू. दुसरा चालू खर्च, म्हणजे पडणारी, मोडणारी, झिजणारी वस्तू. विमान पडणारच हे धरून चालावे. म्हणून पैसा टिकणाऱ्या वस्तूंवर घालावा आणि मोडणाऱ्या वस्तू स्वस्तातल्या घ्याव्यात. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. देखणे तयार विमान आधी येते आणि रिमोट हलका मिळतो.

टिकणाऱ्या वस्तू दोनच, ट्रान्समीटर आणि चार्जर.

ट्रान्समीटर म्हणजे हातातला रिमोट. तो २.४ गिगाहर्ट्झचा आणि निदान सहा चॅनेलचा असावा. विमानाला चार चॅनेल लागतात. एक मोटरच्या वेगाचा, दुसरा शेपटीच्या आडव्या पट्टीचा, तिसरा उभ्या पट्टीचा आणि चौथा पंखांच्या पट्ट्यांचा. उरलेले दोन पुढच्या शिक्षणासाठी. फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ हा नवशिक्यांत बराच चालणारा सेट आहे. तो चार पेन्सिल सेलवर चालतो. दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी हरकत नाही, पण एक नियम पाळावा. विमानात बसणारा रिसीव्हर त्याच ट्रान्समीटरशी जुळणारा असला पाहिजे. एका कंपनीचा रिमोट आणि भलत्याच कंपनीचा रिसीव्हर घेतला तर दोघे बहुधा एकमेकांशी बोलतच नाहीत.

ट्रान्समीटर सगळ्यांत आधी घ्यावा, याला आणखी एक कारण आहे. तो केबलने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो. पिकासिमसारखे सिम्युलेटर फुकट मिळतात. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटे होते, आणि नवशिका इथेच विमान पाडतो. पडद्यावर शंभर वेळा पडले तरी एक पैसा लागत नाही. महिनाभर असा सराव झाल्याशिवाय बाकीचे सामान घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलाची आवड महिनाभर टिकते की नाही हेही त्यातून कळते.

दुसरी वस्तू चार्जर. या विमानांना लिथियम पॉलिमर बॅटरी लागते, तिला बाजारात लिपो म्हणतात. तिच्या प्रत्येक सेलला समान भरणारा बॅलन्स चार्जरच घ्यावा. मोबाइलचा चार्जर, जुना अ‍ॅडाप्टर असले जुगाड अजिबात करू नयेत.

आता विमानात बसणारे सामान. सातशे-आठशे ग्रॅम वजनाचे, पंख वर असलेले, थर्मोकोल किंवा फोमचे विमान धरा. त्याला २२१२ मापाची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर पुरते. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटर रिकामी असताना मिनिटाला किती फेरे मारते, तो हा आकडा. बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची, २२०० एमएएचची घ्यावी. मोटरला १० इंची पंखा, म्हणजे १०×४.५ चा प्रॉपेलर, आणि वेग कमी-जास्त करणारा ३० अँपिअरचा ईएससी. मोटर एवढा प्रवाह घेत नाही, पण ईएससी थोडा मोठा असलेला बरा. त्यातूनच रिसीव्हरला ५ व्होल्ट मिळतात का, म्हणजे बीईसी आहे का, हे दुकानात विचारून घ्यावे. पट्ट्या हलवायला ९ ग्रॅमचे चार सर्वो लागतात. प्रॉपेलर मात्र एक घेऊ नये, चार-पाच घ्यावेत.

विमान किती वेळ उडेल, हा हिशेब मुलाकडूनच करून घ्यावा. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास. मोटर सरासरी १२ अँपिअर घेत असेल, तर २.२ भागिले १२ गुणिले ६० म्हणजे ११ मिनिटे. बॅटरी कधीही पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून त्यातली ८० टक्केच धरा. सुमारे पावणेनऊ मिनिटे होतात. घड्याळ लावून सात मिनिटांनी उतरवायचे, म्हणजे चिंता नाही.

आता आयाबहिणींनी नीट वाचावे असा भाग. लिपो बॅटरी जास्त भरली, दाबली गेली किंवा तिला भोक पडले तर पेट घेऊ शकते. आपली घरे दहा बाय दहाची. तिथेच गॅस, तिथेच अंथरुणे आणि तिथेच लहान मूल. म्हणून हे नियम घरात लिहून लावावेत. चार्जिंग घराबाहेर, मोकळ्या जागी, फरशीवर करावे. बॅटरी मातीच्या मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवावी आणि शेजारी वाळूची बादली असावी. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरपेक्षा जास्त वेगाने भरू नये. एक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये, आणि उडवताना ३.५ च्या खाली येऊ देऊ नये. त्यासाठी बॅटरीला लावायचा छोटा भोंगा स्वस्तात मिळतो. उडवायचे नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. चार्जिंग चालू असताना माणूस जवळ हवाच, आणि रात्री झोपताना चार्जिंग मुळीच नको.

घरात मोटर तपासताना प्रॉपेलर काढून ठेवावा, तो बोट कापतो. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी मात्र कधीही उलट्या जोडू नयेत, ईएससी क्षणात जळतो. आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना याच्या उलट. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी अशी फेलसेफची सोय लावून, जमिनीवर तपासूनच विमान सोडावे.

कुठे उडवायचे हेही महत्त्वाचे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे असे भाग केलेले आहेत. लाल आणि पिवळ्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाई हुकूम काढतात, त्यात रिमोटची छोटी विमानेही येतात. आधी नकाशा पाहावा, पोलीस ठाण्यात विचारावे, मगच गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जावे. आपल्या वस्तीतल्या मुलाला ठाण्यात बसवून ठेवले तर सोडवायला आपल्याकडे वशिला नसतो. कायदा माहीत असणे हेच आपले संरक्षण.

शेवटी पैशाचा प्रश्न. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे सामान मिळते. चार दुकाने फिरावे, पावती घ्यावी. एका घराला हा खर्च जड आहे, पण पाच-सहा घरांना नाही. ट्रान्समीटर, चार्जर आणि सोल्डरिंगचे सामान विहाराच्या मंडळाने किंवा बचत गटाने मिळून घ्यावे, त्याची वही ठेवावी. प्रत्येक मुलाने फक्त आपला फोम आणि प्रॉपेलर आणावा. त्यात मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने असली पाहिजेत. सोल्डरिंगची पहिली वायर मुलीच्या हातून जोडली गेली तर आम्हाला अधिक आनंद होईल. काही आयटीआयमध्ये आता ड्रोन टेक्निशियनचा अभ्यासक्रमही आहे, तेव्हा हे शिक्षण नुसता खेळ राहत नाही.

त्या ताईंना आमचे उत्तर असे : परवडेल, पण एकट्याने नाही आणि एकदम नाही. या महिन्यात भिशीतून फक्त ट्रान्समीटर घ्या. पोराला सांगा, "आधी पडद्यावर उडवून दाखव." त्याने दाखवले, तर पुढच्या महिन्यात चार्जर.

जयभीम!