उसनें हिम

परदेशची एखादी वस्तु आपल्या मुलांच्या हातीं पडली, कीं आमच्या साहित्यसभांतून दोन प्रकारचे गृहस्थ हटकून उठून उभे राहतात. एक म्हणतो, "संस्कृति बुडाली!" दुसरा म्हणतो, "खरें साहित्य तें हेंच!" जपानी चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांस 'मांगा' म्हणतात त्यांच्या, बाबतींत नागपुरांत सध्यां हेंच चाललें आहे. त्यांतही जपानच्या हिवाळी लोककथांवरून रचलेल्या चित्रकथांचा मोह आमच्या तरुणांस विशेष. हिमवादळांत उभी राहणारी पांढरी स्त्री, जिला तिकडे युकि-ओन्ना म्हणतात, ती धरमपेठेंतील शाळकरी पोरास ठाऊक असते. झोटिंग कोण, हें मात्र त्यास विचारूं नये. आम्हांस या दोन्ही पक्षांशीं भांडावयाचें आहे.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यांत घेतां येईल. चित्रांच्या पोथ्यांनीं बुद्धि मंद होते असें म्हणणाऱ्यांनीं पिंगुळीच्या चित्रकथींची आठवण करावी. एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरून रामायण सांगणारी जात ज्या महाराष्ट्रांत नांदली, तेथें चित्र आणि कथा यांचा संग परका कसा? जपानांतही ही कालची पैदास नव्हे. तोरियामा सेकिएन यानें 1776 सालीं आपल्या भुतांच्या चित्रग्रंथांत युकि-ओन्ना रेखाटली. होकुसाईच्या 'मांगा' नांवाच्या चित्रवह्या 1814 पासून निघूं लागल्या. ज्यांस हें पाहावयाचेंच नाहीं, त्यांच्याशीं अधिक बोलण्यांत हांशील नाहीं.

खरें भांडण दुसऱ्या पक्षाशीं आहे, कारण तो आम्हांस प्रिय आहे. गेल्या हिवाळ्यांत एका तरुणानें आपली चित्रवही मोठ्या उमेदीनें आमच्यापुढें ठेविली. हात चांगला, रेघ निर्भय. पण पहिल्याच पानावर फुटाळा तलाव गोठलेला! सीताबर्डीच्या किल्ल्यावर वीतभर हिम, आणि अंबाझरीच्या बांधावर किमोनो नेसलेली ती पांढरी बाई! नागपुरास 2018 च्या डिसेंबरांत पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला, तेव्हांही कोणाच्या अंगणांत हिम पडलें नाहीं. आमच्याकडे आकाशांतून पडतात त्या गारा, आणि त्या संत्र्याच्या बागांवर पडतात. आम्हीं त्यास म्हटलें, "बाळ, हें हिम तूं कोणाकडून उसनें आणलेंस?"

उसनें आणण्यास आमची ना नाहीं. परंतु आणावयाचें तें काय, हें त्यानें ओळखावयास हवें होतें. युकि-ओन्नाची जी कथा आज जगभर ठाऊक आहे, ती लाफ्काडिओ हर्न यानें 1904 च्या आपल्या 'क्वाइदान' या संग्रहांत दिली. एक म्हातारा व एक तरुण लाकूडतोड्या वादळांत नावाड्याच्या खोपटांत अडकतात. पांढरी स्त्री म्हाताऱ्यावर श्वास सोडून त्याचा प्राण घेते आणि "कोणास सांगूं नको" या अटीवर तरुणास सोडते. ही कथा मुसाशी प्रांतांतील एका शेतकऱ्यानें आपल्या गांवची कथा म्हणून सांगितली, असें हर्न प्रस्तावनेंतच नमूद करतो. म्हणजे तिचा उगम एका गांवांत, एका माणसाच्या तोंडीं. मिझुकि शिगेरू या चित्रकारानें पुढें शेंकडों भुतें कागदावर उतरविलीं; त्यांची पहिली ओळख त्यास बाळपणीं शेजारच्या एका म्हातारीनें करून दिली होती. महायुद्धांत डावा हात गमावून तो घरीं परतला, तरी म्हातारीनें सांगितलेलें विसरला नाहीं. त्या सर्व चित्रांस बळ आहे तें ऐकलेल्या गोष्टीचें.

आणि हिम? एचिगो प्रांतांतील शिओझावा गांवचा सुझुकि बोकुशि नांवाचा कापडाचा व्यापारी होता. त्यानें आपल्या प्रदेशच्या हिमाविषयीं सचित्र ग्रंथ लिहिला. प्रकाशक मिळतां मिळतां दशकें लोटलीं आणि 1837 सालीं तो बाहेर पडला. उबदार मुलखांतील लोक चार बोटें हिम पडलें कीं मद्य आणि कविता घेऊन बसतात, आणि आम्ही मात्र छपरें मोडूं नयेत म्हणून तें उपशीत असतों, हा त्याचा सल आहे. घरें गाडणारें, वाटसरू गिळणारें, त्याच हिमावर कापड पसरून शुभ्र करूं देणारें असें तें हिम आहे. तेथें युकि-ओन्ना जन्मते याचें नवल नाहीं. फुटाळ्यावरचें हिम त्या उबदार मुलखांतील शौकिनांचें हिम आहे. त्यानें कोणाचें छप्पर मोडत नाहीं.

वही मिटल्यावर तो तरुण सहज गप्पा मारूं लागला. त्याचा मामा उमरेडकडील. शेतीची वीज रात्रीं येते म्हणून पौषाच्या थंडींत मध्यरात्रीं हरभऱ्यास पाणी द्यावयास निघाला; दाट धुकें, हातांत बॅटरी. ओळखीचा बांध, पण तीन वेळां तो त्याच विहिरीपाशीं येऊन उभा राहिला. चकवा लागला! पलीकडे वाघाची चाहूल. अखेर वाघोबाच्या शेंदरी दगडाशीं बसून त्यानें उजाडूं दिलें. आम्हीं विचारलें, "हें वहींत कां नाहीं?" तो म्हणाला, "त्यांत काय काढायचं?"

या उत्तराबद्दल त्या मुलास दोष देणें सोपें आहे, पण दोष आमचा आहे. मराठी विद्वानांनीं लोककथा जमविल्या, वर्गवारी लाविली, टीपा दिल्या आणि ग्रंथ कपाटांत ठेवून कुलूप लाविलें. चित्रकारास त्या कपाटाची किल्ली कोणी दिली? नागपूरचेंच उदाहरण पाहावें. येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यानें एका परधानाच्या तोंडून गोंडांचें लिंगोचें दीर्घ गीत टिपून घेतलें. तो 1863 सालीं वारल्यावर 1866 सालीं रिचर्ड टेंपल यानें तें छापिलें. त्यांत रिकाड गवडी नांवाचा म्हातारा राक्षस रात्रीं आपल्या शेतांत ओंडक्यांची शेकोटी पेटवून पडला आहे, आणि विस्तव मागावयास आलेला लिंगो झाडावर चढून असें वाद्य छेडतो कीं म्हातारा उठून नाचूं लागतो. जागल, शेकोटी, अंधार, संगीत! चित्रकारानें आणखी काय मागावें? हिस्लॉपचें नांव येथील महाविद्यालयामुळें सर्वांच्या तोंडीं आहे. रिकाड गवडी त्या महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल?

परधान हे गोंडांचे परंपरेचे गायक. जुन्या मध्यप्रांताच्या, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या प्रांताच्या, मंडला भागांतील पाटणगड गांवीं याच परधानांच्या घरीं 1962 च्या सुमारास जनगढसिंह श्याम जन्मला. पूर्वजांनीं जें गाइलें तें त्यानें रंगविलें. त्याच्या घरचे देव, झाडें, हरणें, वाघ बिंदूंनीं आणि रेघांनीं कागदावर उभे राहिले. पुढें दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान चित्रकारांनीं 2011 सालीं बाबासाहेबांचें चरित्र 'भीमायन' या चित्रग्रंथांत उतरविलें, तें याच वाटेनें जाऊन. जनगढचा अंत 2001 सालीं जपानांत झाला. तोकामाचि येथील मिथिला संग्रहालयांत तो चित्रें काढावयास गेला होता. हें तोकामाचि एचिगोंतलें, बोकुशीच्या शिओझाव्याच्या शेजारचें, तेंच हिमाचें माहेर. त्या मुलखांत राहूनही त्याची ओळख राहिली ती पाटणगडच्या देवांनींच.

वहींत अजून वीस-बावीस कोरीं पानें आहेत. मामाकडे जाऊन ये, असें आम्हीं त्या तरुणास सांगितलें आहे. हरभऱ्याचें पाणी अजून रात्रींच चालू आहे.