चित्रे अनेक, गोष्ट एक

शाळेचे स्नेहसंमेलन झाले की मोबाइलमध्ये शंभर-दोनशे फोटो सहज साठतात. मग कोणीतरी त्यांतले वीस-पंचवीस निवडतो, ॲपमधल्या तयार चौकटीत भरतो आणि कडेला फुले व बदाम लावतो. याला कोलाज म्हणतात खरे. पण संमेलनात काय घडले, ते त्यातून कळत नाही.

कोलाज हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ चिकटवणे. १९१२ साली ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी आपल्या चित्रांत कागदाचे तुकडे चिकटवले. आता कात्रीचे आणि डिंकाचे काम बोटाने होते. निवड करणे मात्र तेवढेच अवघड राहिले आहे.

समजा, मालेगावातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या दिवसाची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. आधी त्यांची परवानगी घ्या. कामावर निघालेली सायकल, सूत, माग, जेवणाचा डबा, विणलेले कापड, घरी परतलेली सायकल, एवढे फोटो पुरेत. माझ्या मते सर्वांत मोठा फोटो चेहऱ्याचा नसावा. तुटलेला धागा जोडणाऱ्या बोटांचा असावा. काही मुले ॲपने चेहरा उजळ करतात, केसांत अडकलेले कापसाचे तंतू पुसून टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. ते तंतू हीच तर त्या माणसाच्या श्रमाची खूण! ती पुसली, तर फोटोत उरले काय?

आता खास तुमच्यासाठी एक प्रश्न. पहिला फोटो कोठे ठेवाल? मराठी आपण डावीकडून वाचतो, उर्दू उजवीकडून. सकाळचा फोटो डाव्या बाजूला ठेवला, तर उर्दू वाचणाऱ्याला कामगार आधी घरी परतला आणि नंतर कामावर गेला, असे वाटण्याचा संभव आहे! बाजारातल्या तयार चौकटी याचा विचार क्वचितच करतात. पण दोन्ही भाषांच्या ओळी वरून खाली उतरतात. म्हणून फोटोही वरून खाली लावा. सकाळ वर, रात्र तळाशी. प्रत्येक फोटोखाली एकेक ओळ दोन्ही भाषांत लिहा.

आणि भिंतीवर लावण्यापूर्वी तो कागद त्या कामगारकाकांना दाखवा. एखादा फोटो काढा असे ते म्हणाले, तर तो तुम्हांला कितीही आवडला असला तरी काढा.