टी-शर्ट नको, उत्तर द्या

"ओपन सोर्सला नवी माणसं मिळत नाहीत" हे रडगाणं आता पुरे, मंडळी. माणसं येतात हो, पण दारातूनच परत जातात!

(आमच्या काकूंसाठी: ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा असं सॉफ्टवेअर. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातलं लिनक्स असंच आहे. आणि नाही काकू, छोट्या प्रकल्पांत बहुतेकांना पैसे मिळत नाहीत.)

बरं, यावर उपाय काय शोधला? आमिष! २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळणार होता. झालं! लोकांनी माहितीच्या फायलीत उगाच एखादा शब्द घुसवून बदल पाठवले. मेंटेनर मंडळी इतकी वैतागली की महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला: जो प्रकल्प स्वतःहून सामील होईल, तिथलेच बदल मोजायचे.

मी एका प्रकल्पाला मराठी भाषांतरातल्या चुका दुरुस्त करून पाठवल्या होत्या. आठ महिने हो नाही की नाही नाही. नकार चालला असता, पण ही शांतता? पंगतीला बोलवायचं आणि पाटच मांडायचा नाही, त्यातली गत. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

काही ठिकाणी उत्तर मिळतं, पण अंगावर ओरडून. खुद्द लिनस टोरवाल्ड्सने २०१८ मध्ये आपल्या तिखट ईमेलांबद्दल जाहीर माफी मागितली. लिनक्सच्या कर्त्याला जे पटलं, ते आपल्याकडच्या छोट्या-मोठ्या 'सरां'ना कधी पटणार?

"अहो, पण मेंटेनरला वेळ कुठे असतो?" मान्य. पण म्हणूनच तर माणसं वेळेवर तयार करायला हवीत. एक्सझेड हा प्रकल्प एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीला आलेल्या एकाने दोनेक वर्षं विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंडला लॉगिन जेमतेम अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, म्हणून आपण वाचलो. तिथे आधीपासून चार माणसं असती तर?

तेव्हा बक्षिसं राहू द्या. सोपी कामं वेगळी काढून ठेवा, आणि आलेल्या पॅचला आठवड्याभरात दोन ओळी लिहा. नकार असला तरी कारणासकट.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडा, पण उत्तर द्या!