ऑनलाइन अध्यापन : प्राध्यापकांना नेमके काय शिकवावे?

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या आवारात इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र आहे. स्वित्झर्लंडच्या सहकार्याने ते १९६३ मध्ये सुरू झाले. उपकरणे घडविणारे तंत्रज्ञ तेथे कार्यशाळेत प्रत्यक्ष काम करीत तयार होतात. हात बसल्याशिवाय हे शिक्षण पुरे होत नाही, आणि कृषी शिक्षणाची जातकुळीही हीच. म्हणून कृषी महाविद्यालयांतील प्राध्यापकांना ऑनलाइन अध्यापनाचे प्रशिक्षण देताना हाताच्या कामाचे काय करावयाचे, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे.

आज असे प्रशिक्षण बहुधा साधनापुरते असते. मूडलवर पाठ कसा चढवावा, चित्रफीत कशी तयार करावी, चाचणी कशी लावावी, एवढे दोन दिवसांत येते. परंतु महाविद्यालयात परतल्यावर वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर दिले जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’च्या रचनेत चित्रफीत, वाचनसाहित्य, मूल्यमापन आणि चर्चा असे चार भाग आहेत. त्यांतील चर्चेचा भाग, माझ्या पाहण्यात तरी, बहुतेक पडीकच राहतो.

याहून वेगळी वाट मुंबईच्या आयआयटीने दाखविली. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीच्या दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचा उपक्रम तेथे राबविला गेला. व्याख्याने पवईहून थेट प्रक्षेपित होत आणि देशभरातील दूरस्थ केंद्रांवर शिक्षक ती ऐकत. प्रात्यक्षिके मात्र त्या त्या केंद्रावर स्थानिक समन्वयक करून घेत. या समन्वयकांना आधी पवईला बोलावून तयार केलेले असे. उपक्रमाचे खरे बळ उपग्रहात वा जाळ्यात नसून या माणसांत होते, असे मला वाटते. पुढे तेथीलच सहना मूर्ती व श्रीधर अय्यर यांच्या गटाने छोट्या चित्रफितींची पद्धत विकसित केली. चित्रफीत मध्येच थांबते, प्रश्न विचारते. विद्यार्थ्याने विचार करून उत्तर लिहावयाचे आणि मगच पुढे जावयाचे.

आंब्याचे कोय कलम घ्या. रोप कोवळे, तांबूस पानांचे असतानाच खुंटाला खाच देऊन पाचरीसारखी तासलेली काडी बसवावी लागते. काप कसा द्यावा हे चित्रफितीत वर्गापेक्षाही स्पष्ट दिसते, कारण मागच्या बाकावरच्या मुलाला चाकू दिसतच नाही! परंतु पट्टी किती घट्ट आवळावी, हे बोटांनाच कळते. तेव्हा पाच मिनिटांची चित्रफीत आधी पाहावी, ‘काडी वाळली तर चूक कोठे झाली असेल?’ याचे उत्तर लिहावे, मग रोपवाटिकेत दहा कलमे बांधावीत आणि तीन आठवड्यांनी त्यांची छायाचित्रे पाठवावीत. प्राध्यापकाने प्रत्येक वाळलेल्या काडीवर दोन ओळी लिहिल्या, तर तो पाठ झाला. हे लिहिणे कसे असावे, याचे प्रशिक्षण कोठे दिले जाते?

दूरस्थ केंद्राची जागा आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रे सहज घेऊ शकतात. तेथे रोपवाटिका आहे, विषयतज्ज्ञ आहेत, अनुभवी शेतकऱ्यांचा राबता आहे. मात्र प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात या विषयतज्ज्ञांनाही सोबत बसवावे लागेल. पाठ तयार झाल्यावर त्यांना पत्र पाठवून भागणार नाही. आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांना प्रतिसाद देण्यात जाणारे तास विद्यापीठांनी अध्यापनाच्या कार्यभारात मोजावेत. आज ते कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.