‘पार्कात’ आणि ‘पार्कावर’

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकलं की आजूबाजूची फोनवरची बोलणी आपसूक कानावर पडतात. परवा किटबॅग खांद्याला लावलेला एक मुलगा आईला सांगत होता, “पार्कावर आहे गं, नेट संपली की येतो.” पलीकडच्या आजी कुणाला तरी पत्ता देत होत्या, “आम्ही पार्कात राहतो, स्टेशनकडे नाही.” शब्द एकच, पण शेपूट बदललं आणि अर्थ बदलला. ‘पार्कात’ म्हणजे ही वस्ती. ‘पार्कावर’ म्हणजे मधली मोकळी जमीन. मराठी माणूस बागेत जातो, उद्यानात जातो; जातो ‘वर’ तो मैदानावर. पाटीवर काहीही असो, दादरकरांच्या जिभेने या जागेला कधीच मैदान ठरवून टाकलं आहे.

इंग्रजीत पार्क हा मूळचा कुंपणाचा शब्द. शिकारीसाठी हरणं राखून ठेवलेलं बंदिस्त रान म्हणजे पार्क. लंडनचं हाइड पार्क आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये शिकारीसाठीच ताब्यात घेतलं. लोकांना ते खुलं झालं १६३७ मध्ये. पुढे तोफा आणि गाडे ओळीने लावून ठेवण्याच्या लष्करी जागेलाही पार्क म्हणू लागले, आणि त्यातूनच ‘पार्किंग’ निघालं. केळुसकर मार्गावर रोज जागा शोधत फिरणाऱ्यांना हे नातं ठाऊक नसेल, पण शब्द सख्खे आहेत.

आपल्याकडे हा शब्द नगररचनेच्या नकाशातून आला. १९२५ मध्ये ही जागा लोकांसाठी खुली झाली ती ‘माहीम पार्क’ म्हणून. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने तिचं ‘शिवाजी पार्क’ झालं. २०२० मध्ये त्याचं ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ झालं. नाव दोनदा बदललं, पार्क तेवढा हलला नाही. जवळच्या सावरकर सदनात राहणाऱ्या सावरकरांनी मराठीला दिनांक, महापौर असे शब्द दिले, ते रुजले. त्यांचं ‘क्रीडांगण’ मात्र निमंत्रणपत्रिकेत आणि पाटीवरच राहिलं. ‘उद्यान’चंही तेच, भायखळ्याच्या उद्यानाला अजून सगळे राणीची बागच म्हणतात. मैदान हा शब्द फारसीतून आला, पण तो इतका आपला झाला की इंग्रजांच्या मुंबईतही ओव्हल आणि क्रॉस यांच्यापुढे ‘मैदान’च लागलं.

हा निव्वळ शब्दांचा कीस नाही. ज्या नावाने जागा कागदावर येते, त्यावरून तिची निगा ठरते. पार्क म्हटलं की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते, सुशोभीकरण येतं. गेल्या काही वर्षांत या सुमारे २८ एकरांवर लाल माती पडली, गवत लावून झालं, तुषार सिंचन झालं. गवत टिकलं नाही. टिकणार कसं? एकाच वेळी डझनावारी सामने, धावणारी पावलं, सभांची गर्दी. माती मात्र सुटली आणि उन्हाळ्यात ती भोवतालच्या खिडक्यांवर, गॅलरीतल्या कपड्यांवर आणि दम्याच्या म्हाताऱ्यांच्या छातीत जाऊन बसते. २०१६ मध्ये सरकारने खेळाबाहेरच्या कार्यक्रमांसाठी वर्षाचे ४५ दिवस ठरवून दिले. म्हणजे उरलेले ३२० दिवस ही जागा खेळाची आहे, असं सरकारनेच मान्य केलं आहे. मग तिच्यावर बागेचे उपचार का? मैदानाला दाबून बसवलेली, पाणी पिणारी, चेंडू नीट उसळू देणारी जमीन लागते. नाव राहू द्या. ते लोकांच्या प्रेमाचं आहे. पण महापालिकेच्या पुढच्या निविदेत कामाचं वर्णन ‘मैदानाची देखभाल’ असंच असलं पाहिजे.

आणि ती निविदा लिहिण्याआधी एखाद्या पहाटे इथे यावं. क्लबांच्या खेळपट्ट्या राखणाऱ्या माणसाला आपल्या मुंबईत माळीच म्हणतात. रोलर ओढण्याआधी तो उकिडवा बसतो, मातीत अंगठा रोवून ओल बघतो, मग झारीने कुठे पाणी मारायचं आणि कुठे नाही ते ठरवतो. कुठली माती इथे बसते आणि कुठली उडते, हे त्याला विचारावं.