शंभूकडे पावती नव्हती



घर गेलं, जमीन गेली, यावर सिनेमे पुष्कळ निघाले आहेत. मोर्चाच्या तयारीसाठी आम्ही काही जण पुण्यात मुक्कामाला होतो, तेव्हा एका कॉलेजात असे तीन सिनेमे पाहायला मिळाले. पाड्यावर परत आलो तर जो तो विचारतो, काय पाहिलंत? म्हणून हे लिहितो आहोत. दुसरं कारण असं, की त्या सिनेमांत जे कुणाच्या ध्यानात राहत नाही, त्याचीच आपल्याला आत्ता गरज आहे.

पहिला ‘दो बिघा जमीन’, बिमल रॉय यांचा, १९५३ सालचा. शंभू महतो हा गरीब शेतकरी. जमीनदाराला कारखान्यासाठी जमीन द्यायची आहे आणि मध्येच शंभूची दोन बिघे येते. शंभू विकत नाही. मग जमीनदार कर्ज वसूल करायला निघतो. शंभूच्या हिशोबानं कर्ज पासष्ट रुपये, जमीनदाराच्या कागदावर दोनशे पस्तीस. कोर्टात शंभू सांगतो, मी राबून फेडलंय. पण पावती नाही. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. शेवटी परत येतो तर जमिनीवर कारखान्याचं काम. मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो.

सिनेमा संपल्यावर लोक डोळे पुसत होते. आम्हीपण पुसले. नंतर चर्चा झाली ती रिक्षाची आणि मुठीतल्या मातीची. कोर्टाचा विषय कुणीच काढला नाही. आम्हाला वाटतं, शंभूची जमीन कोर्टाच्याही आधी गेली. तो राबला आणि कुणी लिहून ठेवलं नाही, त्या दिवशीच ती गेली.

सिनेमाला दोन-अडीच तासांत सगळं दाखवायचं असतं. म्हणून बुलडोझर येतो, भांडीकुंडी बाहेर पडतात, पोर रडतं, झालं. आपल्याकडे उठवणं असं एका दिवसात होत नाही. आधी गार्ड येऊन दम देतो. मग ऐन पेरणीत कुणाचा नांगर, कुणाची कुऱ्हाड उचलून नेली जाते. दंड घेतात, पावती कधी मिळते, कधी नाही. मग कुणीतरी येऊन दगड पुरून जातं. नोटीस येते तोवर निम्मं उठवून झालेलं असतं. आणि उठल्यावरही ते संपत नाही. डिंभे धरणानं ज्यांना उठवलं ते आपले लोक पाणी उतरलं की अजून आपल्याच जमिनीवर गाळपेर करतात.

पुण्यातल्या लोकांना घर जाणं कळत नाही असं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, वाडेच्या वाडे पडले. ती तारीख पुणेकर अजून सांगतात, सांगावीच. पण ते धरण बांधलं तेव्हा वरच्या खोऱ्यातली जी गावं उठली, त्यांची तारीख कोण सांगणार? ती एका दिवसाची गोष्टच नव्हती. नळाला मात्र पाणी त्याच खोऱ्यांचं येतं.

दुसरा सिनेमा ‘हमारा शहर’, आनंद पटवर्धन यांचा, १९८५ चा. मुंबईच्या झोपड्या पाडतात त्याचा. त्यात एक बाई कॅमेरावाल्यांनाच धरते, की गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होईल, आमचं काय? हा सवाल आपण प्रत्येक पाहुण्याला विचारायला हरकत नाही. तिसरा १९९५ चा ‘नर्मदा डायरी’, पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा. त्यात आपल्यासारखीच माणसं आहेत. सभा घेतात, जाब विचारतात, होळीला नाचतात. नुसती रडणारी माणसं नाहीत.

आता आपलं. ३ मे २००२ ला दिल्लीहून पत्र निघालं, की अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. राज्यभरातून ओरड झाली. मग राज्य सरकारचा १० ऑक्टोबर २००२ चा निर्णय आला. त्यात गावाची समिती दावे तपासणार, ग्रामसभेपुढे तपासणार, आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाबही पुरावा म्हणून घेणार, असं ठरलं होतं. शंभूला हे मिळालं नव्हतं. आपल्याला मिळालंय, तर वापरू या.

दंडाची पावती, एकसालीचा कागद, जुनं समन्स, गुन्ह्याचा कागद, सगळं शोधा. गुन्ह्याच्या कागदाला घाबरून जाळू नका. त्या साली तुम्ही त्या जमिनीवर होता, हे त्यांनीच लिहून दिलंय.

म्हाताऱ्यांचे जबाब सगळ्यात आधी घ्या. साल सांगता येत नसेल तर विचारा, बहात्तरच्या दुष्काळात इथं काय पेरलं होतं? नाचणी की वरई? बांध कुणी घातला? आंबा कुणी लावला? देवाचं ठाणं कुठं, माणसं कुठं पुरली? हे सगळं लिहा. बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं लिहा.

मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. दावा दिला की पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी संघटनेच्या वहीत तारीख टाका, दोन साक्षीदारांच्या सह्या नाहीतर अंगठे घ्या. येत्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं आपली वही घेऊन यायचं आहे.