गोळी बंद करण्याआधी डॉक्टरला सांगा

"नुसती झोपेची गोळी देतात, पोरगा सुस्त पडून राहतो." रोहण्यात हे मी कितीदा तरी ऐकलंय. मग घरचे गोळी बंद करतात. काही दिवस बरे जातात. नंतर पुन्हा कानात आवाज, संशय, रात्रभर जागरण. आणि आपण म्हणतो, बाहेरचं आहे.

मंडळी, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या झोपेच्या गोळ्या नाहीत. भास-भ्रम कमी करणारी ती औषधं आहेत. त्रास होतो हे मात्र खरं. रिस्पेरिडोनने हात थरथरू शकतात, अंग आखडतं. ओलान्झापिनने वजन, साखर वाढते. त्यावर उपाय आहे: मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. पण ते डॉक्टरने ठरवायचं. आणि डॉक्टरांनीही गोळी लिहिताना हे त्रास घरच्यांना सांगावेत, वजन-साखर तपासावी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत कायम मोफत मिळायला हवीत. म्हणजे आपल्या आर्वीतही. नसली तर लेखी मागा. गोळीसाठी मजुरी पाडून सेवाग्राम गाठावं लागू नये.

काही विचारायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. फोन फुकट आहे.